चिंध्यांवर हात ठेवून

संपादकांचं पत्र आलं, "तुमच्या कामाबद्दल लिहा, हातकागद कसा व्हायचा ते आता कोणाला माहीत नाही." पत्र मी आधी नाकाला लावलं, सवयच आहे तशी. मिलचा कागद, वास कसलाच नाही. मग उन्हात धरून पाहिलं तर आरपार एकसारखा, ना धागा ना गाठ. म्हटलं, असल्या गोऱ्यागोमट्या कागदावर लिहिणाऱ्यांना आमच्या चिंध्यांशी काय घेणं! पण भाची मागंच लागली, "लिही ना वं आत्या, तुले तं तोंडानं सांगाले दिवस पुरत नाही." तोंडाळ म्हणून मी पहिल्यापासूनच प्रसिद्ध. तेव्हा लिहिते. कुठं आगाऊपणा वाटला तर तो माझा स्वभाव समजावा.

एक आधीच सांगून टाकते. कागद मी केला नाही. कागद कादरभाई करायचे. मी चिंध्या निवडायची. पण "चिंधी खोटी तं कागद खोटा," हे कादरभाईंचंच म्हणणं होतं, म्हणून थोडा तोरा माझाही आहे आणि या वयात तो कोणी काढून घेऊ नये.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि मिलचा कागद बाजारातून नाहीसा झाला. पोरं पाटीवरच परीक्षा देऊ लागली. तेव्हा वासुदेवराव नावाच्या एका धडपड्या गृहस्थांनी मंगरूळपीरच्या बाहेर, ओढ्याच्या काठी, कापसाच्या बंद पडलेल्या जिनाच्या शेडमध्ये हातकागदाचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे काय, एक ढेकी, चुन्याचे दोन खड्डे, एक हौद, एक दाब आणि चुन्यानं घोटून गुळगुळीत केलेली लांबच लांब भिंत. कागद करायचं ज्ञान कोणालाच नव्हतं. म्हणून वासुदेवरावांनी कादरभाईंना दूर दक्षिणेकडून आणलं. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या हेच काम. तोंडावर देवीचे खोल वण, एक डोळा अधू आणि बोलणं अर्धं तिकडचं, अर्धं आमचं. आम्ही बाया आधी त्यांना घाबरायचो, मग त्यांना चिडवायला लागलो.

काम असं. सुती चिंध्या, जुने दोर, तागाची पोती, सरकारी कचेऱ्यांतली रद्दी, सगळं आधी निवडायचं. बटन, हुक, लोकर, रेशीम बाजूला. मग चिंध्या बारीक कापून चुन्याच्या खड्ड्यात टाकायच्या. चुना त्यांना शिजवतो, आग न लावता. मग ओढ्यावर धुवायच्या आणि ढेकीखाली कुटायच्या. ढेकी म्हणजे एक मोठं लाकूड. एका टोकाला पायानं दाबलं की दुसरं टोक वर जातं, पाय सोडला की धप्पकन खाली येतं. दिवसभर धप्प, धप्प. शेवटी चिंधीचं नावनिशाण राहत नाही, लापशीसारखा लगदा होतो. तो हौदातल्या पाण्यात सोडायचा, गवताच्या काड्यांची चटई बसवलेला साचा त्यात बुडवून कादरभाई उचलायचे, दोन हिसके द्यायचे, पाणी गळून जायचं आणि चटईवर कागद राहायचा. हिसका कमी पडला तर कागद एकीकडं जाड. ते दोन हिसके मला जन्मात जमले नाहीत. मग दाबाखाली पाणी काढून ओला कागद कुंच्यानं भिंतीला चिकटवायचा. वाळला की गव्हाची खळ लावायची, पुन्हा वाळवायचा आणि शंखानं घोटायचा, म्हणजे शाई फुटत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. गावातले एक जैन दुकानदार वह्यांसाठी कागद न्यायचे. कोणीतरी त्यांना सांगितलं की कागदाला जनावराचा सरस लावतात. आले आणि म्हणाले, "बाई, खरं सांगा, यात हाडबिड तं नाही?" मी म्हटलं, "शेठजी, गव्हाची खळ हाय." त्यांचा विश्वास बसेना. शेवटी कोपरा फाडून तोंडात टाकला, चावला, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "गहूच हाय." वर म्हणाले, "मीठ कमी हाय." हसता हसता आमच्या पोटात दुखायला लागलं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते. ती हसण्यासारखी नाही.

चिंध्या आम्हाला सुंदरा नावाची बोहारीण आणून द्यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन मेडशी, शेलूबाजार, मंगरूळ असं गावोगाव फिरायची, जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. चांगले कपडे बाजारात विकायची, फाटके आमच्याकडं. बाई रोखठोक होती. गाठोडं टाकलं की आम्ही बायांनी एक रीत पाडली होती. तिनं गाठोड्यावर हात ठेवून म्हणायचं, "मेलेल्याचं नाही, आईच्या घरचं नाही." मगच गाठ सोडायची.

आई म्हणजे देवी. ज्या घरी देवी यायच्या त्या घरात आई आली म्हणायचे. फोडणी बंद, कांडण बंद, शिवण बंद. लेकराला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवायचं आणि त्याच्याशी बोलायचं तेही हात जोडून, कारण बोलतो ते लेकराशी नाही, आईशी. लेकरू गेलं तर त्याचे कपडे ठेवायचे नाहीत, कोणाला द्यायचे नाहीत आणि जाळायचे तर नाहीतच. जाळलं तर आईला चटका बसतो. गावाच्या शिवेवर नेऊन टाकायचे आणि मागं न पाहता परत यायचं. आमच्याकडं तशी रीत होती.

वासुदेवरावांना आमची ही शपथ म्हणजे पोरखेळ वाटायचा. पण सुंदराचा शब्द आम्हाला पुरायचा. आणि आमचा एक हक्कही त्या शब्दावर चालायचा. निवडताना धुऊन धुऊन मऊ झालेलं एखादं धोतर-लुगडं निघालं, तर ज्या बाईचं लेकरू लहान तिनं ते दुपट्यासाठी घ्यायचं. नव्या कापडानं लेकराचं अंग खरचटतं, जुन्यासारखं सुख नाही. शेडच्या आढ्याला नेहमी एखादी झोळी लटकलेली असायची.

त्या वर्षी झोळी यमुनेची होती. यमुना विशीतली, दिसायला नाजूक, कामाला वाघीण. नवरा अकोल्याच्या जिनात आणि घरी सासू. पोरीचं नाव सोनी. रांगायला लागलेली, दोन दात आलेले, दिसेल ते तोंडात घालायची.

फाल्गुन सरत आला होता. मेडशीकडं आई आल्याचं कानावर होतं. सुंदरा मागच्या दोन बाजारांना आली नव्हती. हौद रिकामा पडला होता आणि वासुदेवरावांनी तालुक्याच्या शाळांना परीक्षेसाठी कागद द्यायचं कबूल केलं होतं. अशात एका सकाळी शेलूबाजारचा गाडीवान गाठोडं टाकून गेला.

"सुंदराबाईनं देल्लं. म्हने गयाबाईच्याच हाती दे." गयाबाई म्हणजे मी.

"हात ठिवला का तिनं गाठोड्यावर?"

"मले काय मालूम? मी बैल हाकू का तिचा हात पाहू?"

मी म्हटलं, हे बाहेर कडुलिंबाखाली राहू द्या, सुंदरा येईल तेव्हा सोडू. वासुदेवराव तापले. "गयाबाई, शपथेचा कागद होत नाही, चिंध्यांचा होतो. सोडा ते." मालकच म्हणतो म्हटल्यावर काय बोलायचं! सोडलं.

वरच हिरव्या काठाचं धोतर होतं, अर्धं फाडलेलं, लोण्यासारखं मऊ. यमुनेनं ते गालाला लावून पाहिलं आणि झोळीत सोनीखाली घातलं. आम्ही निवडायला बसलो. दुपार होईपर्यंत सगळं नेहमीसारखं. मग तळाशी एक छोटं गाठोडं लागलं, गाठ अशी घट्ट की यमुनेनं दातानं सोडली.

आतून कडुलिंबाचा वाळलेला पाला सांडला.

त्याच्याखाली लाल खणाची एक कुंची, एक झबलं, त्यावर पिवळेकाळे डाग आणि खपल्या. आणि धोतराचा दुसरा अर्धा तुकडा. हिरव्या काठाचा.

सगळ्या बायांनी हातातलं टाकलं. कोणी "आई, चुकलो वं माय" म्हणत गाठोड्याला हात जोडले, कोणी पळाल्या. यमुना हलली नाही. तिची नजर झोळीकडं होती. मी उठून झोळीत पाहिलं. सोनी जागी होती, हसत होती आणि त्या धोतराचा काठ तोंडात धरून चोखत होती.

मी पोरगी उचलली, काठ तिच्या तोंडातून ओढून काढला आणि पदरानं जीभ पुसली. पुसून काय होणार होतं!

वासुदेवराव धावत आले आणि म्हणाले, "जाळून टाका सगळं." झालं! पळालेल्या बाया माघारी आल्या आणि एकच ओरडा. "जाळू नोका! आई कोपीन! गाव घेईन!" त्या गलक्यात कादरभाई हौदावरून ओल्या हातांनी आले. गाठोड्याकडं पाहिलं, सोनीकडं पाहिलं.

"कोनी हात नाय लावायचा. मी करतो. मले होऊन गेलं, मले आता काय करते थे?" म्हणाले. "जाळत नाय. चुन्यात टाकतो. आगीचं काम चुनाच करते."

त्यांनी काठीनं एकेक कापड उचललं, कुंची आणि झोळीतलं धोतरसुद्धा, आणि खड्ड्यात दाबून वर कळीचा चुना ओतला. खड्डा खदखदला. बाया गप्प झाल्या, कारण जाळलंही नाही आणि ठेवलंही नाही. मग कादरभाई यमुनेसमोर येऊन बसले.

"पोरीले टोचलं हाय?"

टोचलं नव्हतं. मला माहीत होतं. हिवाळ्यात देवी टोचणारा गावात आला तेव्हा सगळ्याच आयांनी पोरं लपवली होती. यमुनेनं सोनीला डाल्याखाली झाकलं होतं, कोंबडीसारखं.

"माह्या मायनं बी मले लपवलं व्हतं," कादरभाई म्हणाले. "मी वाचलो. पाह्य माह्यं तोंड. माह्या बहिनी नाय वाचल्या. बेटी, आजच्या आज टोचून आन. आजच हात लागला हाय, अजून येळ हाय."

यमुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "चाल, दमनी जुंपतो."

कारखान्याची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपतो तोवर बातमी घरी पोचली. यमुनेची सासू धापा टाकत आली आणि बैलांच्या पुढं उभी राहिली. दोन्ही हातांनी जू धरलं.

"माह्या नातीले सुई लावसान? आईनं शिवलं हाय तिले! शिवल्यावर टोचनं म्हंजे आईच्या अंगात सुई खुपसनं! घरी आना तिले, पाल्यावर ठिवा, हात जोडा!"

मी तोंडाळ, मी काय गप्प बसते! "हात जोडून मेडशीचं लेकरू वाचलं का वं? त्याची कुंची पाह्य जाऊन चुन्यात!"

"तू बोलू नोको! तुले पोर ना बाळ, तुले काय समजते?"

ते वर्मी लागलं. आजही लागतं, म्हणून लिहिते आहे. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी यमुना बोलली. आवाज चढवला नाही.

"आत्याबाई, जू सोडा. पोट्टी माही हाय. म्याच लपवली व्हती, मीच टोचून आनतो."

सासूनं जू सोडलं नाही. यमुनेनं मग चाबूक घेतला आणि बैलांना मारला. सासू बाजूला पडली. सासूला पाडणारी सून आमच्या गावानं पहिल्यांदा पाहिली.

मंगरूळच्या सरकारी दवाखान्यात शिपायानं सांगितलं, टोचणारा शेलूबाजारला गेला, आज बाजार आहे. दमणी तशीच वळवली. दर्ग्यावरून जाताना यमुनेनं मांडीवरच्या सोनीसकट डोकं झुकवलं. सोनी शिंकली की आम्ही दोघी दचकायचो. पोरगी मजेत होती, बैलांच्या घुंगरांकडं बोट दाखवत होती. तिचा तो आनंद मला बघवेना.

शेलूबाजारात विचारलं, "टोचनारा कोठी हाय?" तर लोक हसायला लागले. टोचणारा दिसला की बायका पोरं घेऊन पळतात आणि ह्या दोघी त्याला हुडकून राहिल्या! पानवाला म्हणाला, "बाई, डोकं ठिकाण्यावर हाय ना?" कोणाला तो चावडीवर दिसला होता, कोणाला ओढ्याकडं. बाजार उठायची वेळ होत आली. शोधता शोधता मला चिंचेखाली सुंदरा दिसली.

पाटी नाही, भांडी नाहीत. नुसती बसलेली. मी तिच्या अंगावरच गेले. "काय वं सुंदरे, कोनाच्या घरचं गाठोडं देल्लं तू आमाले? हात काहून नाही ठिवला त्याच्यावर? आईच्या घरचं होतं ना थे? कोनाचं होतं?"

"माहं होतं," ती म्हणाली.

मला कळेना.

"माह्या शंकऱ्याचं. आई घेऊन गेली त्याले. हात ठेवून खोटं कसं बोलू, म्हून मी आलीच नाही."

शंकऱ्याला मी पाहिला होता. तीन वर्षांचं पोर, पाटीबरोबर गावोगाव हिंडायचं. मी एकदा त्याला भाकरी दिली होती. पण त्या वेळी मला दया आली नाही, खरं सांगते. मी तिचे खांदे धरून हलवले. "मंग शिवेवर टाकाचे ना! आमच्यात कायले पाठवले?"

"टाकले व्हते वं," सुंदरा म्हणाली. "माघारी पाहू नये म्हन्तात, म्या पाह्यलं. कुत्रं त्याची कुंची वढत व्हतं. येनारेजानारे पाय देऊन जात व्हते. मंग उचलून आनले. ठेवता येत नाही, जाळता येत नाही. मले वाटलं, तुमच्या हौदात गेले तं कागद होईन. कागदाले कोनी पाय लावत नाही, गयाबाई. चुकून लागला तं मानूस पाया पडते. म्हून पाठवले. तुमी चुन्यात टाकता ना सगळं? मले वाटलं, चुन्यात जाईन."

तिचं म्हणणं खरंच होतं. कागदाला पाय लागला की आम्ही बोटानं शिवून बोट कपाळाला लावतो, मग तो कोरा असो की फाटका. जन्मभर चिंध्या घेणाऱ्या त्या बाईला चुना माहीत होता, हौद माहीत होता. फक्त आमची झोळी तिच्या ध्यानात आली नव्हती.

तेवढ्यात यमुना पुढं आली. सोनीला तिच्यासमोर धरून म्हणाली, "त्या धोतरावर निजवली व्हती म्या हिले. सकायपासून."

सुंदराचं तोंड पांढरं पडलं. तिनं सोनीकडं पाहिलं, मग चटकन दोन्ही हात पाठीमागं लपवले, जणू हात पुढं आले तर पोरीला शिवतील. म्हणाली, "टोचलं हाय?"

"नाही. लपवली व्हती."

"म्या बी लपवला व्हता. दान्याच्या कनगीत." एवढं बोलून ती उठली आणि पळत सुटली. आम्ही पाठीमागं. टोचणारा वेशीपाशी होता, लाकडी पेटी सायकलला बांधून निघायच्या बेतात. सुंदरानं सायकलचं मागचं चाक धरलं. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं बाई मारायला आली. नेहमीच्या अनुभवानं वाटणारच.

"टोच! हिच्या पोरीले टोच! आत्ताच्या आत्ता!"

त्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं. पेटी सोडली, सोनीचा दंड पुसला. यमुनेनं तोंड फिरवलं नाही, पाहत राहिली. सोनी अशी किंचाळली की बाजार थांबला. टोचणारा म्हणाला, "आजच संपर्क आला असेल तर वेळेत आलात. पण बाई, मी वचन देत नाही. पंधरवडा गेला आणि काही उठलं नाही तर देवाचे आभार माना." मागं वळून पाहिलं तर सुंदरा निघून गेली होती.

यमुनेला सासूनं घरात घेतलं नाही. ती आणि सोनी माझ्या खोलीत राहिल्या, शेडच्या टोकाला. बाया कामाला येईनात. ढेकी बंद. धप्प धप्प ऐकायची सवय झालेल्या माणसाला तो सन्नाटा खायला उठतो. वासुदेवराव रोज यायचे, दारात उभे राहून विचारायचे, "कशी आहे?" एकदा म्हणाले, "सोडा म्हणालो ते मीच." माणूस आधीच कोळपून गेला होता.

काही दिवसांनी सोनीचा दंड सुजला, टोचल्या जागी फोड आले आणि अंगात ताप भरला. पोरगी तव्यासारखी तापली. यमुना मला विचारायची, "गयाबाई, हा सुईचा हाय का आईचा?"

"सुईचा," मी म्हणायची. मला काय माहीत होतं? पण दर वेळी तितक्याच जोरात म्हणायची.

सासू दारापुढं येऊन बसायला लागली. आत यायची नाही, जायचीही नाही. कडुलिंबाची डहाळी हातात घेऊन वारा घालायची, बंद दाराला. एकदा मी बाहेर पाणी ठेवलं, तर म्हणाली, "पोट्टी दूध घेते का?" घेते म्हटल्यावर डोळ्याला पदर लावला. त्या दिवशी माझा तिच्यावरचा अर्धा राग गेला. अर्धा ठेवला आहे.

मग सोनीच्या कपाळावर दोन पुटकुळ्या उठल्या. यमुनेनं पाहिल्या आणि मला दाखवल्या. मी कादरभाईंना हाक मारली. ते उंबऱ्यातून आत आले, सोनीला उजेडात नेलं, अधू डोळा मिटला आणि चांगल्या डोळ्यानं बराच वेळ पाहिलं. त्यांनी पुटकुळीवर बोट फिरवलं, दाबून पाहिली, तळपाय पाहिले, तोंडात पाहिलं.

"थे असं नाय ऱ्हात," म्हणाले. "थे कातडीत खोल ऱ्हाते, गोटीवानी. हे उन्हाचं हाय. घामोळं हाय, बेटी." आणि तिथंच भिंतीला टेकून, एवढा मोठा माणूस, ढसढसा रडला.

घामोळंच निघालं. पंधरवडा गेला, वर आणखी दिवस गेले, सोनीच्या अंगावर दंडावरच्या खपलीशिवाय काही उठलं नाही. सासूनं स्वतः येऊन नात उचलली. सुनेशी बोलली नाही, पण तिच्यासाठी भाकर आणली होती.

आता उरला चुन्याचा खड्डा. त्याला कोणी बाई हात लावेना. वासुदेवराव म्हणाले, बुजवून टाकू. बुजवायचा विचार चालू होता त्या दिवशी सुंदरा आली, भांड्यांची पाटी न घेता. दाराबाहेरच उभी राहिली. यमुना आत होती. तिच्याकडं बघायची सुंदराची हिंमत नव्हती.

"पोट्टी...?" एवढंच म्हणाली.

"बरी हाय," मी म्हटलं.

ती खाली बसली. म्हणाली, "थे मीच कुटतो. तुमच्यापैकी कोनी नोका कुटू."

कादरभाईंनी चिंध्या ओढ्यावर स्वतः धुतल्या. पांढऱ्याशुभ्र निघाल्या, खपली नाही, डाग नाही, फक्त कुंचीचा लाल रंग कुठं कुठं फिका उरला होता. त्या ढेकीखाली घातल्या आणि म्हणाले, "चाल." सुंदरा ढेकीच्या टोकाशी गेली. पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"पायानं नाही," ती म्हणाली.

तिनं त्या टोकाला दोर बांधला आणि हातानं ओढायला लागली. दोन धडधाकट बाया पायानं दाबतात ते लाकूड तिनं हातानं ओढलं. धप्प. थांबून श्वास. धप्प. तळहात सोलले, तरी कोणाला दोर दिला नाही. मी पुढं झाले तर मानेनं नाही म्हणाली. लगदा झाला तेव्हा ऊन कलत आलं होतं.

कागद थोडेच झाले. शाळांच्या कागदांत ते मिसळायचे नाहीत असं कादरभाईंनी परस्पर ठरवलं. भिंतीला मी लावले. वाळले तेव्हा आत कुठं कुठं लाल धागा दिसायचा, केसाएवढा. सुंदरा ते घ्यायला आली त्या दिवशी मी कागद उतरवू लागले, पण यमुना मधे आली. तिनं स्वतः उतरवले, कडा न फाडता, जपून. कडेवर सोनी होती. सुंदरानं दोन्ही हात पुढं केले आणि यमुना वाकून कागद तिच्या हातावर ठेवायला लागली. तशी कडेवरच्या सोनीनं पाय झाडला आणि तिची टाच सरळ वरच्या कागदावर बसली.

सगळ्या बाया थबकल्या. यमुना घाबरीघुबरी झाली, "अवं माय," म्हणत कागदाला हात लावून पाया पडायला वाकली.

सुंदरानं तिचा हात धरला.

"राहू दे," म्हणाली. तिनं सोनीचं पाऊल हातात घेतलं आणि पुन्हा त्या कागदावर टेकवलं. "हिचा लागू दे."